ढब्बी म्हैस उठेना

एक होता माळ. माती त्याची लाल, म्हणून नाव त्याचं तांबडमाळ.

माळावर होती मेंढरं. मेंढरांत होतं एक कोकरू. एवढंसं. पांढरं पांढरं. पिंजलेल्या कापसासारखं. म्हणून त्याचं नाव पिंजू.

पिंजू चाले टुपुक टुपुक.
शेपटी हाले लुकूलुकू.

पावसाळा नुकताच संपला होता. सगळा पावसाळा मेंढरांनी गवत खाल्लं होतं. चरचर चरचर. आता गवत उरलं होतं आखूड. अगदी आखूड. नुकतीच हजामत केलेल्या डोक्यासारखं.

पिंजूच्या आईला गवत कमी. म्हणून आईला दूध कमी. म्हणून पिंजूचं पोट करी गुडूगुडू.

ते ऐकलं हौसाआत्यानं. हौसाआत्या म्हणजे मेंढरांची मालकीण. डोक्याला फडकं, हातात काठी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. कुणाच्या पोटात काय चाललंय, ते आत्याला लांबून कळायचं.

आत्या रोज विहिरीकाठी जायची. मूठभर हिरवा घास कापायची. त्याची छोटीशी पेंडी बांधायची. बोरीच्या झाडाखाली ठेवायची आणि सगळ्यांना सांगायची, "ही पेंडी पिंजूची. कुणी तोंड लावायचं नाही."

कुणी तोंड लावायचं नाही.

पण कुणी बसायचं नाही, असं मात्र आत्या म्हणाली नव्हती.

एके दिवशी सकाळी काय झालं? आत्यानं पेंडी ठेवली. पिंजू आलं टुपुक टुपुक. तेवढ्यात तिकडून आली म्हैस. काळी काळी. जाडी जाडी. तिचं नाव ढब्बी. ढब्बी आली बोरीच्या सावलीत. एकदा इकडं पाहिलं. एकदा तिकडं पाहिलं.

आणि बसली. धप्प.

कुठं बसली?

पिंजूच्या पेंडीवर.

पिंजू म्हणालं, "ढब्बीमावशी, ढब्बीमावशी, ऊठ ना. तुझ्याखाली माझी पेंडी आहे."

ढब्बीनं एक डोळा उघडला. कान हलवला. फट्. म्हणाली, "मी नाही उठत जा."

"का गं?"

"उठून काय करू? इथलं गवत संपलं. बसले तरी उपाशी, उठले तरी उपाशी. मग बसलेलं काय वाईट? त्या पलीकडच्या तुकड्यात बघ. कसं उंच उंच गवत आहे. आधी ते फाटक उघडू दे. मग मी उठते."

आणि ढब्बीनं डोळा मिटला.

"बरं," म्हणालं पिंजू. आणि निघालं हौसाआत्याकडं.

पिंजू चाले टुपुक टुपुक.
शेपटी हाले लुकूलुकू.
पोट करी गुडूगुडू.

आत्या बसली होती काठीला टेकून. म्हणाली, "पिंजू रे पिंजू, झालं तरी काय?"

पिंजू म्हणालं,

"म्हैस उठेना,
आणि माझी पेंडी मला मिळेना. बें."

"उठत नाही म्हणजे काय? चल, बघते मी तिला."

आत्या आली वहाणा वाजवत. करकर करकर. म्हणाली, "ए ढब्बे, ऊठ की."

ढब्बी उठली नाही.

आत्यानं शिंग धरून ओढलं. हुश्श. ढब्बी उठली नाही. आत्यानं शेपटी धरून ओढलं. हुश्श. ढब्बी उठली नाही. आत्यानं पाठीमागून ढकललं. ढब्बी उठली नाही, पण आत्या मात्र बसली. धप्प.

"ही काय म्हैस आहे का डोंगर?" आत्या म्हणाली आणि लुगडं झटकत उठली.

पिंजू म्हणालं, "आत्या, आत्या, ते फाटक उघड ना. मग ती उठणार आहे."

आत्यानं फाटकाकडं पाहिलं. मग पिंजूकडं पाहिलं.

"फाटक आज नाही उघडायचं बाळा. हे बघ. आपल्या माळाचे तीन तुकडे. एक पावसाळ्यात खायचा. तो खाऊन झाला. एक हिवाळ्यात खायचा. तो फाटकाच्या आत. आणि तिसऱ्यातलं गवत कापायचं, वाळवायचं, त्याची गंजी रचायची. ती उन्हाळ्यात खायची."

"मग हिवाळ्याचा उघड ना."

"त्याचं बी अजून तुऱ्यात आहे. बी खाली पडलं, तर पुढच्या वर्षी गवत उगवणार. आज तुम्ही बियांसकट खाल्लं, तर पुढच्या वर्षी काय खाल? माझ्या वहाणा? आधी गवताचं बी झडू दे. मग मी फाटक उघडते."

पिंजूनं आत्याच्या वहाणांकडं पाहिलं. त्या काही खाण्यासारख्या नव्हत्या.

"बरं," म्हणालं पिंजू. आणि निघालं गवताकडं.

पिंजू चाले टुपुक टुपुक.
शेपटी हाले लुकूलुकू.
पोट करी गुडूगुडू.

कुंपणाच्या आत गवत उभं होतं. उंच उंच. पिंजूच्या डोक्याहून उंच. त्याचं नाव पवन्या गवत. त्याच्या टोकाला तुरे. तुऱ्यात बी.

पिंजूनं कुंपणातून नाक आत घातलं. गवत म्हणालं, "पिंजू रे पिंजू, झालं तरी काय?"

पिंजू म्हणालं,

"फाटक उघडेना,
म्हैस उठेना,
आणि माझी पेंडी मला मिळेना. बें."

"मग मी काय करू?"

"तुझं बी खाली टाक ना."

"मी नाही टाकत जा," गवत म्हणालं. "टाकू कसं? मला काय हात आहेत? मी आपलं उभं. कालही उभं, आजही उभं. आधी वारा येऊ दे. मला हलवू दे. मग मी बी झाडीन."

"बरं," म्हणालं पिंजू. आणि निघालं वाऱ्याकडं.

पिंजू चाले टुपुक टुपुक.
शेपटी हाले लुकूलुकू.
पोट करी गुडूगुडू.

वारा राहायचा खिंडीत. खिंड म्हणजे दोन डोंगरांच्या मधली वाट. पिंजू खिंडीपाशी आलं. पाहतं तर वाट बंद. वाटेत काहीतरी मोठं, पांढरं, फुगलेलं. आणि त्याच्यामागून बारीक आवाज येत होता. सूं. सूं.

"वारेदादा, वारेदादा, तू कुठं आहेस?"

"मी इकडं आहे. मागं. पिंजू रे पिंजू, झालं तरी काय?"

पिंजू म्हणालं,

"बी झडेना,
फाटक उघडेना,
म्हैस उठेना,
आणि माझी पेंडी मला मिळेना. बें."

"मग मी काय करू?"

"ये ना बाहेर. गवताला हलव ना."

"मी नाही येत जा," वारा म्हणाला. "येऊ कुठून? हा ढग बसलाय माझ्या वाटेत. मी ढकलून पाहिलं. मी फुंकून पाहिलं. त्याला वाटतं, मी पंखाच घालतोय. आणखी गाढ झोपतो. आधी ढग हलू दे. मग मी येतो. सूं."

"बरं," म्हणालं पिंजू. आणि वळलं ढगाकडं. ढग तिथंच होता, म्हणून फार चालावं लागलं नाही. नुसतं एकदाच टुपुक.

ढग घोरत होता. घुर्रर्र. फुर्रर्र.

पिंजू ओरडलं, "बें."

ढगानं हळूच डोळे उघडले. "सगळे गेले का?" त्यानं विचारलं.

"कोण सगळे?"

"सगळे ढग. पाऊस संपला की आम्ही घरी जातो. मी म्हटलं, निघण्याआधी जरा डोळा लावावा."

"ते केव्हाच गेले," पिंजू म्हणालं.

"असं होय," ढग म्हणाला आणि जांभई दिली. एवढी मोठी. "पिंजू रे पिंजू, झालं तरी काय?"

पिंजू म्हणालं,

"वारा येईना,
बी झडेना,
फाटक उघडेना,
म्हैस उठेना,
आणि माझी पेंडी मला मिळेना. बें."

"मग मी काय करू?"

"थोडा हल ना."

"मी नाही हलत जा," ढग म्हणाला. "माझं अंग जड झालंय. माझी झोप जात नाही. कुणी माझ्या पोटाला गुदगुल्या केल्या, तरच मी हलतो."

"मी करू?"

"कर की."

पिंजूनं उडी मारली. टुपुक. पोहोचलं नाही. आणखी उंच उडी मारली. टुपुक. पोहोचलं नाही. मग लांबून धावत आलं आणि मारली उडी. टुपुऽऽक. आणि पडलं घाणेरीच्या झुडपात. खर्रर्र.

झुडपातून डोकं बाहेर काढून पिंजूनं विचारलं, "झाल्या का गुदगुल्या?"

"नाही," ढग म्हणाला. "तू त्या चंडोलाला विचार. तो सरळ वर उडतो. आधी चंडोल उडू दे. मग मी हलतो." आणि लागला घोरायला. घुर्रर्र. फुर्रर्र.

"बरं," म्हणालं पिंजू. आणि निघालं चंडोलाकडं.

पिंजू चाले टुपुक टुपुक.
शेपटी हाले लुकूलुकू.
पोट करी गुडूगुडू, गुडूगुडू, गुडूगुडू.

आता खूप भूक लागली होती ना, म्हणून तीनदा.

चंडोल म्हणजे छोटासा पक्षी. मातीच्या रंगाचा. डोक्यावर तुरा. तो झाडावर राहत नाही. माळावरच, दगडाच्या आडोशाला घरटं करतो. पिंजू गेलं तेव्हा चंडोल घरट्यातून एकेक काडी काढत होता आणि पुन्हा ठेवत होता.

"पिंजू रे पिंजू, झालं तरी काय?"

पिंजूनं मोठा श्वास घेतला. आणि म्हणालं,

"ढग हलेना,
वारा येईना,
बी झडेना,
फाटक उघडेना,
म्हैस उठेना,
आणि माझी पेंडी मला मिळेना. बें."

"मग मी काय करू?"

"वर उड ना. ढगाच्या पोटाला गुदगुल्या कर ना."

"मी नाही उडत जा," चंडोल म्हणाला. "माझं घरटं बघ. सगळ्या काड्या टोचऱ्या. माझी पिल्लं झोपत नाहीत. इकडं वळली की टुच. तिकडं वळली की टुच. आधी मला काहीतरी मऊ आणून दे. मग मी उडतो."

घरट्यात तीन पिल्लं होती. तीन चोची उघडून बसली होती.

"बरं," म्हणालं पिंजू. आणि निघालं.

टुपुक. टुपुक.

आणि थांबलं.

कुणाकडं जायचं? तिथं कुणीच नव्हतं. नुसते दगड. पिंजूनं दगडाला विचारलं, "तू मऊ आहेस का?" दगड काही बोलला नाही. पिंजूनं निवडुंगाला विचारलं, "तू मऊ आहेस का?" आणि नाक लावून पाहिलं. तो मुळीच मऊ नव्हता.

पिंजू खाली बसलं. त्याला रडू आलं. हळूच, एकट्यानं म्हणालं,

"चंडोल उडेना,
ढग हलेना,
वारा येईना,
बी झडेना,
फाटक उघडेना,
म्हैस उठेना,
आणि माझी पेंडी मला मिळेना. बें. बें. बें."

आणि रडून झाल्यावर त्यानं आपलं तोंड आपल्या पाठीला पुसलं.

ते मऊ लागलं.

पिंजूनं पुन्हा पुसलं. खूपच मऊ लागलं. इतकं मऊ माळावर दुसरं काहीच नव्हतं.

पिंजू उठलं. चंडोलापाशी गेलं आणि पाठमोरं उभं राहिलं.

"हे घे," म्हणालं. "माझी लोकर."

"दुखेल हं," चंडोल म्हणाला.

"थोडीशीच घे."

पिंजूनं डोळे घट्ट मिटले. चंडोलानं चोचीत लोकर धरली. चुटुक. "बें." चुटुक. "बें." चुटुक. "बें."

झालं. पिंजूच्या बुडावर पडलं एक गोल टक्कल. भाकरीएवढं. नाही, नाही. पुरीएवढं.

चंडोलानं लोकर घरट्यात पसरली. पिल्लं इकडं वळली. टोचलं नाही. तिकडं वळली. टोचलं नाही. तिन्ही चोची मिटल्या. तिन्ही पिल्लं झोपली.

मग चंडोल उडाला. सरळ वर. भुर्रर्र. गात गात वर. चिर्र चिर्र चिर्र. ढगाच्या पोटाखाली गेला आणि पंख फडफडवले.

"ई," ढग म्हणाला. "ई, ई. खी खी खी."

चंडोल उडाला,
ढग हलला.

ढग हसत हसत उठला. इकडं लोळला, तिकडं लोळला आणि वर वर निघून गेला. आपल्या घरी. जाता जाता दोन थेंब सांडले. टप. टप. एक पडला पिंजूच्या नाकावर. दुसरा पडला टकलावर.

खिंड झाली मोकळी. आणि आला वारा. सूंऽऽऽ.

चंडोल उडाला,
ढग हलला,
वारा आला.

वारा असा आला, असा आला की पिंजूला घेऊनच आला. पिंजू पुढं, वारा मागं. टकलाला लागलं गार गार. पिंजू पळायला लागलं. आता टुपुक टुपुक नाही. टुपटुपटुपटुपटुप.

वारा शिरला गवतात. सळसळ सळसळ. गवत डावीकडं वाकलं. गवत उजवीकडं वाकलं. म्हणालं, "आलास होय बाबा. माझी तर मान अवघडली होती." आणि तुऱ्यातलं बी लागलं झडायला. भुरुभुरु भुरुभुरु.

चंडोल उडाला,
ढग हलला,
वारा आला,
बी झडलं.

आत्या आली करकर करकर. तिनं एक तुरा तोडला. तळहातावर चोळला. फुंकर मारली. फू. नुसता भुसा उडाला. बी नव्हतंच.

"झालं गं बाई," आत्या म्हणाली. "आता खा." आणि फाटकाची दोरी सोडली. फाटक म्हणालं, कर्रर्र.

चंडोल उडाला,
ढग हलला,
वारा आला,
बी झडलं,
फाटक उघडलं.

आत्या काठी आडवी धरून फाटकात उभी राहिली. "सगळीकडं धावायचं नाही. आज हा कोपरा. तो संपला की तो कोपरा. कळलं का?"

"बें," म्हणाली सगळी मेंढरं. आणि गेली आत. चरचर चरचर.

ती चरचर ढब्बीनं ऐकली. एक डोळा उघडला. दुसरा डोळा उघडला. कान हलवला. फट्.

मग ढब्बी उठायला लागली. आधी मागचे पाय. मग थोडा विचार. मग पुढचा एक पाय. मग आणखी थोडा विचार. मग पुढचा दुसरा पाय.

चंडोल उडाला,
ढग हलला,
वारा आला,
बी झडलं,
फाटक उघडलं,
म्हैस उठली,
आणि...

आणि पिंजूची पेंडी दिसली.

पण कशी दिसली? चपटी. अगदी चपटी. लाटलेल्या पापडासारखी.

ढब्बीनं खाली वाकून पाहिलं. "अय्या, पेंडी होती होय? मी म्हणते, आज जमीन एवढी मऊ का लागतेय." आणि गेली डुलत डुलत फाटकातून आत.

पिंजूनं चपट्या पेंडीकडं पाहिलं. एक काडी तोंडात घेतली. चावली. दुसरी घेतली. चपटी झाली म्हणून काय झालं? गोड होती. पिंजूनं सगळी पेंडी खाल्ली. बांधलेली दोरी तेवढी ठेवली. मग तीही थोडी चावून पाहिली.

गुडूगुडू थांबलं.

दिवसभर पिंजूच्या आईनं उंच उंच गवत खाल्लं. संध्याकाळी पिंजू आईपाशी गेलं. ढुशी दिली. चुकूचुकू चुकूचुकू. दूधच दूध. तोंडावर फेस, नाकावर फेस.

आत्यानं पिंजूला उचललं. पाठ पाहिली, पोट पाहिलं. मग बूड पाहिलं.

"हे रे काय? तुझी लोकर कुणी नेली?"

पिंजू सांगायला लागलं, "चंडोल उडाला, ढग हलला, वारा आला..." पण सांगता सांगता आली जांभई. एवढी मोठी. आत्यानं त्याला खाली ठेवलं आणि पिंजू तिथंच आडवं झालं.

डोळे मिटतात न मिटतात, तोच खालून आवाज आला. बारीक. अगदी बारीक.

"कोकरूदादा, कोकरूदादा, उठता का जरा? तुमच्याखाली माझं बी आहे."

पाहतं तर एक मुंगी.

आजच झडलेलं गवताचं बी ती घरी नेत होती. आणि पिंजू नेमकं त्यावरच झोपलं होतं.

पिंजूचे डोळे जड झाले होते. पिंजूचं पोट भरलं होतं. त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, "मी नाही उठत जा. आधी..."

पिंजूनं मुंगीकडं पाहिलं. मुंगीनं पिंजूकडं पाहिलं.

पिंजू उठलं. लगेच.

मुंगीनं बी उचललं आणि गेली लगबग लगबग.

पिंजू सरकून थोडं पलीकडं झोपलं. पण आधी खाली नीट बघून घेतलं हं.

पेंडी गेली पिंजूच्या पोटी,
गोष्ट आली तुमच्या ओठी.